फोकस अडकवून ठेवू नकोस

अरे, विंडोज फॉर्म्समध्ये (.NET मध्ये डेस्कटॉप प्रोग्रॅमच्या स्क्रीन बनवायचं साधन) चुकीची माहिती भरली की तू लीव्ह इव्हेंटमध्ये, म्हणजे कर्सर टेक्स्टबॉक्स सोडताना चालणाऱ्या कोडमध्ये, मेसेज बॉक्स दाखवून परत त्याच टेक्स्टबॉक्सला फोकस (कर्सर) देतोयस, सगळा घोळ तिथे आहे. मेसेज बॉक्समुळेही फोकस हलतो आणि इव्हेंटचा क्रम बिघडतो. कधी प्रोग्रॅम गोठतोसुद्धा. तपासणी व्हॅलिडेटिंगमध्ये कर, तो इव्हेंट त्यासाठीच आहे.

पण तिथलं कॅन्सलही जपून वापर, ते ट्रू केलं की कर्सर त्याच बॉक्समध्ये अडकतो. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या बिलिंग ऑपरेटरचं बघ. जीएसटी नंबरच्या 15 पैकी 11 अक्षरं टाईप झाली आणि पार्टीचा फोन, 'बिल नको.' ताई 'रद्द करा'वर क्लिक करतायत आणि कर्सर जागचा हलत नाही! त्या बटणाचं कॉझेसव्हॅलिडेशन फॉल्स ठेव, म्हणजे त्यावर क्लिक केल्यावर तपासणी होत नाही. फॉर्म बंद करायची वरची फुलीही अशीच अडते. फॉर्म बंद होतानाच्या फॉर्मक्लोझिंग इव्हेंटमध्ये कॅन्सल फॉल्स कर.

मी तर फॉर्मची ऑटोव्हॅलिडेट सेटिंग सरळ एनेबलअलाऊफोकसचेंजवर ठेवतो, म्हणजे तपासणी होते पण कर्सर अडत नाही. चूक असेल त्या बॉक्सशेजारी एररप्रोव्हायडरचं लाल चिन्ह, आणि खरी अडवणूक 'सेव्ह'ला, फॉर्मवरचं सगळं एकदम तपासणारं व्हॅलिडेटचिल्ड्रन वापरून. ऑपरेटर लोकांना टॅब मारत पुढे जाऊ द्यावं, ते मागे येऊन दुरुस्त करतात.

आणि हो, व्हॉट्सॲपवरून पेस्ट केलेल्या नंबरच्या मागेपुढे स्पेस येते. आधी ट्रिम करून त्या स्पेस काढ, मग अक्षरं मोज.