स्विंग छान आहे, आता बाकीचं बोलू

अगं पोरी,

तुझा मेसेज वाचला, गोल्फमधे पहिल्यांदा शंभर शॉटच्या आत आलीस म्हणून तीन ओळी नुसती उद्गारचिन्हं, मलाही खूप बरं वाटलं. ९८ म्हणजे खायचं काम नाही. पण त्या दिवशी मी शेजारच्याच होलवर होतो, तुमचा ग्रुप मला बराच वेळ दिसत होता आणि जे दिसलं त्यातलं काही तेव्हाच सांगावंसं वाटलं होतं. चारचौघांत बोलणं बरं दिसलं नसतं म्हणून गप्प बसलो, आता लिहितोय. रविवारी तुला सिनियर लोकांच्या ग्रुपमधे घेतलंय, त्याच्या आधी हे वाचून टाक.

मला काय दिसलं सांगू? पट, म्हणजे होलमधे बॉल ढकलायचे शेवटचे शॉट, संपले तरी तुम्ही चौघं होलभोवती उभे राहून कोणाचे पाच कोणाचे सहा याचा हिशोब करत होतात, बॅगा ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताच्या, अलीकडच्या बाजूला टाकलेल्या, म्हणजे त्या घ्यायला पुन्हा उलटं चालत जायचं, आणि मागे फेअरवेवर, त्या मोकळ्या गवताच्या पट्ट्यावर, चार माणसं कमरेवर हात ठेवून ताटकळत. तुमच्यापैकी एकाचंही मागे लक्ष नव्हतं. बॅग नेहमी पुढच्या टीकडे (जिथून पुढचं होल सुरू होतं) जाणाऱ्या बाजूला ठेवायची आणि स्कोअर पुढच्या टीवर जाऊन लिहायचा, एवढ्या दोन सवयींनी राऊंडमधली कितीतरी मिनिटं वाचतात.

खूप जणांना वाटतं गोल्फचे मॅनर्स म्हणजे कॉलरचा शर्ट घालायचा, हळू बोलायचं, शेवटी टोपी काढून हात मिळवायचा. ते आहेच. पण मी स्वतः एकच गोष्ट बघतो, हा माणूस खेळून पुढे गेला की त्याच्या मागून येणाऱ्याला कोर्स कसा मिळतो. तो मागचा कोण आहे हे तुला कधी कळणारही नाही, तो तुला थँक्यू म्हणायला येणार नाही, आणि तू बंकर, म्हणजे तो वाळूचा खड्डा, तसाच टाकून गेलीस तर शिव्या मात्र घालेल, त्याही तुझं नाव माहीत नसताना.

वेळेचं आधी सांगतो कारण सगळ्यात जास्त भांडणं त्यावरूनच होतात. चार जण, प्रत्येकाचे ९० शॉट धरले तर ३६० झाले, प्रत्येक शॉटला नुसते दहा सेकंद जास्त लावले तर राऊंड अख्ख्या एका तासाने लांबतो, करून बघ हिशोब. तू बॉलजवळ पोचल्यावर ग्लोव्ह घालतेस, मग अंतर बघतेस, मग क्लब काढतेस, परत ठेवतेस, मग तीन प्रॅक्टिस स्विंग. यातलं निम्मं दुसरा मारत असताना गुपचूप उरकता येतं. नियमांच्या पुस्तकातच म्हटलंय की तुझी पाळी आली आणि अडथळा नसला की ४० सेकंदांत शॉट मारावा, आणि बॉल शोधायला २०१९ पासून पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात. ज्याचा बॉल लांब तो आधी मारणार हे खरं, पण साध्या खेळात जो तयार आहे त्याने मारावं, फक्त ‘मी मारू का?’ विचारून आणि कोणी पुढे उभं नाही ना बघून. आणि मागच्या ग्रुपपेक्षा आपण पुढे आहोत ना यावर खूष राहायचं नसतं, बघायचं ते पुढच्या ग्रुपला आपण धरून आहोत का. पुढे अख्खं होल रिकामं दिसतंय आणि मागचे थांबलेत, तर बाजूला होऊन हात करायचा, जा म्हणायचं. यात कमीपणा वाटणारे लोक मी खूप पाहिलेत, त्यांचं काय करायचं मला अजून कळलेलं नाही.

झाडीत गेलेला तो बॉल आठवतोय? तू ‘अजून एक मारते’ म्हणालीस आणि मारलास. तसं म्हणून चालत नाही बाई, ‘प्रोव्हिजनल मारतेय’, म्हणजे पहिला सापडला नाही तरच धरायचा बॉल, असं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर तो दुसरा बॉलच खेळातला बॉल धरतात आणि मग पहिला झाडाखाली मस्त सापडला तरी उपयोग नाही. तुझ्या ग्रुपमधे कोणी बोललं नाही, रविवारी बोलतील.

आता ग्रीन. तुझा बॉल वरून येऊन धपकन पडला की बशीसारखा खळगा पडतो, त्याला पिच मार्क म्हणतात हे तुला माहितीये, पण तू तो फोर्क खाली घालून मधला भाग वर उचकटतेस, ते मी पाहिलं. तसं केलं की मुळं तुटतात आणि तिथे पिवळा डाग पडतो. फोर्क खळग्याच्या बाहेरच्या काठाशी तिरका खुपसायचा आणि कडेचं गवत हळूच मधे ढकलायचं, मग थोडं फिरून दुसऱ्या बाजूने, असं चारी बाजूंनी, जखमेची तोंडं जुळवतात ना तसं. मग पटरच्या तळाने दोनदा थोपटायचं. संपलं, दहा सेकंद. आपला एक करायचा आणि जवळ कोणाचा तरी राहिलेला एक करायचा. मी पट चुकल्यावर हे करतो, राग उतरतो.

दुसऱ्याच्या पटच्या लाईनवर पाय द्यायचा नाही हे तू पाळतेस, बॉलपासून होलपर्यंत. पण होलच्या पलीकडची दोन-तीन फुटंही सांभाळ, त्याचा पट पुढे गेला तर परत तिकडूनच यायचंय. सावली बघ, दुपार कलल्यावर ती आपल्याला न विचारता लांब जाते. पट करणाऱ्याच्या बरोब्बर मागे किंवा समोर लाईनमधे उभं राहून ‘बॉल कसा वळतो’ बघत बसायचं नाही. फ्लॅग आडवा ठेवायचा, टाकायचा नाही. आणि बॉल पटरच्या डोक्याने होलमधून उकरून काढू नकोस, होल १०८ मिलिमीटरचं, त्याची कड एकदा ढासळली की दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाला तेच ढासळलेलं होल.

तुझ्या मैत्रिणीचा लांबचा पट गेला तेव्हा तुम्ही दोघी नाचलात. नाचा की, पण तिसऱ्याचा पट बाकी होता आणि तो बिचारा पटर धरून उभा. १९९९ च्या रायडर कपमधे (अमेरिका विरुद्ध युरोप) ब्रुकलाइनला हेच झालं होतं, जस्टिन लेनर्डचा सुमारे ४५ फुटांचा पट गेला आणि अमेरिकन टीम ग्रीनवर धावत सुटली, युरोपच्या ओलाथाबलचा पट अजून व्हायचा होता. अमेरिकेने कप जिंकला, आणि आजही त्या दिवसाचा विषय निघाला की लोक आधी ती धावाधाव काढतात.

बंकरचं थोडक्यात: सखल बाजूने उतरायचं, उंच कडेवरून उडी मारायची नाही, बाहेर येताना आपल्या पावलांसकट सगळं रेक करत यायचं. डिव्हटचं, म्हणजे शॉटने उडालेलं, गवत अखंड निघालं तर परत बसवून पायाने दाबायचं, भुगा झाला तर वाळू भरायची, कुठल्या कोर्सवर काय चालतं ते सुरुवातीलाच विचारून घे. कार्ट ग्रीनपासून आणि टीपासून लांब.

पण एक गोष्ट मॅनर्सच्या पलीकडची. बॉल वाकडा गेला आणि त्या बाजूला माणूस असण्याची नुसती शंका आली तरी ताबडतोब ‘फोर’ ओरडायचं, पोटातून, लाज न बाळगता. तू त्या दिवशी ‘अय्या’ म्हणालीस. अय्या ऐकून कोणी डोकं झाकत नाही गं. २०१८ च्या रायडर कपमधे पॅरिसजवळ एका प्रेक्षक बाईंना बॉल लागून त्यांचा एक डोळा गेला, आणि ते तर जगातले सगळ्यात चांगले खेळाडू होते. तुला स्वतःला ‘फोर’ ऐकू आलं तर कुठून आला ते बघायला वर मान करू नकोस, हात डोक्यावर आणि खाली वाक. आणि पुढचा ग्रुप टप्प्याबाहेर गेल्याशिवाय मारायचं नाही. ते हळू खेळतात म्हणून इशारा म्हणून बॉल सोडणारे महाभाग असतात, अशांबरोबर मी दुसऱ्यांदा खेळत नाही.

आता जरा अवघड विषय, स्कोअर. इथे बहुतेक वेळा अंपायर नसतो, आपला आपणच. माझ्या हातून झालेलं सांगतो. बरीच वर्षं झाली, एका स्पर्धेत मी एका वयस्कर खेळाडूंचा मार्कर, म्हणजे त्यांचा स्कोअर लिहिणारा, होतो. त्यांचा बॉल झाडीत गेला, आत दोन शॉट झाले, त्यातला एक जेमतेम वीतभर हलला, मी बाहेरून बघत होतो. होल संपल्यावर ते म्हणाले सहा. माझ्या हिशोबात सात. पण माणूस वडिलांच्या वयाचा, कसं विचारायचं, म्हणून मी सहा लिहिले आणि सही केली. तिसऱ्या खेळाडूनेही मोजलं होतं, त्याने कमिटीला सांगितलं, आणि खऱ्यापेक्षा कमी स्कोअरवर सही म्हणून ते बाद झाले, माहीत असून सही केली म्हणून मीही. मला काढलं त्याचं काही नाही, पण ते गृहस्थ खरंच विसरले होते. पार्किंगमधे मला एवढंच म्हणाले, तुला माहीत होतं तर तिथेच का नाही विचारलंस? त्यावर काय उत्तर देणार, सांग.

तेव्हापासून मी पुढच्या टीवर जाता जाता विचारतो, ‘झाडीतला धरून सात ना?’ बस, एवढंच, आरोप नाही काही नाही. बहुतेक लोक ‘अरे हो’ म्हणतात. आणि आपलं कार्ड सही करायच्या आधी एक-एक होल करून वाच. १९६८ च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत रोबेर्तो दे व्हिसेन्झोने १७व्या होलवर तीन केले होते, मार्करने चार लिहिले, त्याने न बघता सही केली, ६५ चे ६६ झाले आणि एका स्ट्रोकने प्लेऑफ (बरोबरी झाल्यावरचा जादा खेळ) गेला. त्याच दिवशी त्याचा ४५वा वाढदिवस. त्याने दोष मार्करला दिला नाही, स्वतःलाच दिला.

गिमी, म्हणजे न मारताच गेला असं धरलेला छोटा पट, त्याबद्दल तू विचारलं होतंस. मॅच प्लेमधे (एकेक होल जिंकायचं) समोरचा ‘दिला’ म्हणाला की दिला, तो परत घेता येत नाही आणि तुलाही नाकारता येत नाही. स्ट्रोक प्लेच्या (एकूण शॉट मोजायच्या) स्पर्धेत मात्र सहा इंचाचाही आत घालायचा. स्वतःच्या तोंडाने ‘हा गिमी ना?’ कधी विचारू नकोस, फार चिकट वाटतं ते. द्यायच्या बाबतीत हात सैल ठेव. १९६९ च्या रायडर कपमधे शेवटच्या मॅचच्या शेवटच्या होलवर अमेरिकेच्या जॅक निकलसने ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा दोनेक फुटांचा पट असाच सोडला, १६-१६ बरोबरी झाली, निकलसच्याच टीममधले काही जण म्हणे त्याच्यावर नाराज होते. मी निकलसच्या बाजूने.

राग. तू क्लब आपटलास, एकदाच, पण मी पाहिला. मी तरुणपणी फेकलेत, त्यामुळे फार बोलायचा हक्क नाही. पण जमीन आपली नसते. २०१९ साली सौदीतल्या स्पर्धेत सर्जिओ गार्सियाने चिडून ग्रीन्स खराब केले, त्याला डिसक्वालिफाय केलं आणि त्याने माफी मागितली. चिडायचं तर पुढची दहा पावलं चिडून घे, अकराव्या पावलाला बॅगेतून पाणी काढ.

रविवारी तुला एक गोष्ट नक्की होणार. दुसऱ्या-तिसऱ्या होलवर कोणीतरी काका येऊन अंगठा असा धर, डोकं खाली ठेव, सुरू करतील. मुलगी दिसली की यांना राहवत नाही. हसून ‘आज आहे तसंच खेळते, नंतर नक्की विचारेन’ म्हण. स्पर्धा असली तर सल्ला देणाऱ्याला आणि मागणाऱ्याला दोघांनाही पेनल्टी आहे, कुठला क्लब मारला हे विचारणंसुद्धा त्यातच आलं, अंतर विचारलं तर चालतं. तूही कोणाला शिकवू नकोस, तुझ्या मैत्रिणीला तू प्रत्येक शॉटनंतर शिकवत होतीस आणि ती बिचारी आणखीच बिघडत होती.

कॅडीशी, आपली बॅग वाहणाऱ्याशी, अहो-जाहो बोल, वयाने लहान असला तरी. चुकीचा पट त्याच्यावर ढकलायचा नाही. २०२१ च्या मास्टर्समधे जपानचा मात्सुयामा जिंकल्यावर त्याच्या कॅडीने शेवटच्या होलमधे फ्लॅग परत लावला आणि टोपी काढून मोकळ्या फेअरवेला वाकून नमस्कार केला, तो व्हिडिओ तुला पाठवतो, मला अजून बघताना घशाशी येतं.

तर रविवारी टी टाइमच्या वीस मिनिटं आधी ये, धापा टाकत नको. खिशात फोर्क, एक नाणं, टी (बॉल ठेवायची खुंटी) आणि एक जास्तीचा बॉल, म्हणजे दर वेळी बॅगेपर्यंत पळायला नको. बॉलवर पेनाने ठिपके काढ आणि पहिल्या टीवर सगळ्यांना दाखव. फोन सायलेंट, व्हायब्रेटवर पण नको. आणि ते ग्लोव्हचं वेल्क्रो मी पटवर उभा असताना चर्रकन उघडू नकोस, मागच्या महिन्यातला माझा अडीच फुटाचा पट त्यानेच गेला, निदान मी तरी सगळ्यांना तसंच सांगतो.

तुझा,
काका