'सार्क'नं आधी काय विचारू नये

प्रश्न : माझी भाची अमेरिकी लष्करात आहे. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींसाठी समन्वयक म्हणून तिची नेमणूक होणार आहे. त्याआधीच्या ४० तासांच्या प्रशिक्षणात एवढं काय शिकायचं असतं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तिथे या पदाला 'सार्क' म्हणतात (आपल्या शेजारी देशांच्या परिषदेशी काही संबंध नाही). ४० तास ही नुसती सुरुवात. प्रमाणपत्राचं दर २ वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी आणखी ३२ तास. नियम आणि फॉर्म पाठ होतात. जड जातं ते गप्प बसणं.

समोरची व्यक्ती रडू लागली की नवशिका विचारतो, "नक्की काय झालं?" इथेच चुकतं. चौकशी हे सार्कचं काम नाही. आधी विचारायचं : आत्ता सुरक्षित आहात ना, कुठे लागलंय का? मग लगेच तक्रारीचे दोन प्रकार सांगायचे. 'रिस्ट्रिक्टेड' तक्रारीत उपचार, तपासणी, समुपदेशन सगळं मिळतं, पण तपास सुरू होत नाही आणि गंभीर धोका वगैरे अपवाद सोडले तर नाव कमांडरला कळत नाही. 'अनरिस्ट्रिक्टेड' केली की प्रकरण लष्करी तपास यंत्रणेकडे जातं. पहिलीवरून दुसरीवर केव्हाही जाता येतं. परतीची वाट नाही. निवड डीडी २९१० या फॉर्मवर नोंदवतात. सहीची घाई करू नये.

पुराव्याचं सांगावं, सक्ती करू नये. तपासणीआधी आंघोळ, चूळ टाळलेली बरी. काढलेले कपडे कागदी पिशवीत ठेवायचे. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते आणि नमुना वाया जातो. रिस्ट्रिक्टेड प्रकरणात नमुन्यांच्या किटवर नावाऐवजी क्रमांक असतो.

"त्याला शिक्षा होईलच" असं तर कधीच म्हणू नये. डिसेंबर २०२३ पासून अशा गुन्ह्यांत खटला भरायचा की नाही, हे कमांडरऐवजी विशेष लष्करी सरकारी वकील ठरवतात. सार्कच्या हातात ते नाही.

सगळ्यात फसवी जागा वेगळीच आहे. रिस्ट्रिक्टेड तक्रार आली की २४ तासांत लष्करी तळाच्या कमांडरला कळवावं लागतं, मात्र ओळख न देता. "वाहन विभागातली महिला मेकॅनिक, शुक्रवारची रात्रपाळी" असं लिहिलं आणि त्या विभागात बाई एकच असली, तर नाव लिहिल्यातच जमा. भाचीनं मजकूर पाठवण्याआधी त्या विभागाची हजेरी डोळ्यांसमोर आणावी. एकाच नावावर बोट जात असेल, तर आधी 'मेकॅनिक' खोडावं, मग पाळी, मग वारही.