पहाऱ्याची यादी लावताना

चि. लेफ्टनंटसाहेब,
अनेक आशीर्वाद.

पलटणीत पोचलास की "सवय होते, साहेब" हे रोज ऐकशील. बुटांची होते, थंडीचीही थोडीफार होते. अपुऱ्या झोपेची होत नाही. डोकं चालेनासं झालंय हे आपल्याला कळायचं तेवढं बंद होतं. पेनसिल्व्हेनियातला ४८ जणांवरचा प्रयोग २००३ साली छापून आला. १४ दिवस रोज सहाच तास अंथरुणात काढणाऱ्यांची दक्षता सलग एक-दोन रात्री जागल्यागत ढासळली होती. त्यांना विचारलं तर म्हणे, थोडं पेंगुळल्यासारखं वाटतंय, इतकंच.

तुझ्या कामाचा प्रयोग त्याच्या पुढच्या वर्षीचा. २१ जणांना तीन निरनिराळ्या खेपांना ३६-३६ तास जागवलं. पहिल्या खेपेला जे ढेपाळले, तेच पुढेही ढेपाळले. जे टिकले ते टिकलेच. आधीचा आठवडा पोटभर झोपेचा की ओढाताणीचा, यानं हा क्रम फारसा हलला नाही. आणि "फार झोप येतेय" म्हणणारे व जास्त चुकणारे एकच नव्हते. तेव्हा जांभयांवर जाऊ नकोस.

पहाटे दोन ते चारच्या पहाऱ्यावर कोण, हे नावांच्या क्रमानं ठरवू नकोस. सेक्शन कमांडरला विचार. तो या पोरांच्या शेजारी झोपतो, त्याला सगळं ठाऊक असतं. स्वतःही बघ: पहाटे पहाऱ्यावरच्या जवानाला फोनवरून नकाशातली जागा सांगणारे ग्रिडचे सहा आकडे सांग आणि परत म्हणायला लाव. एखादा आकडा गळतो, किंवा उत्तर यायला नको तेवढा उशीर होतो. डोळे टक्क उघडे असतात, पण माणूस तिथे नसतो. असं चार-पाच रात्री दिसलं, तर त्याला पहिला पहारा दे. रगडा लावून, म्हणजे शिक्षेची कवायत करवून, झोपेचा पिंड बदलत नाही, उलट माणूस आणखी दमतो. मात्र उंचीवरच्या पहिल्या काही रात्रींवरून कोणालाच जोखू नकोस. तिथे झोपेत श्वास थांबतो, मग दचकून जाग येते. भल्याभल्यांचं हे होतं.

तुझा स्वतःचा पिंडही ओळख. जवानांसमोर जागून दाखवण्याची हौस नव्या अधिकाऱ्यांना फार असते.

उरलेली रजा झोपण्यात घालव. अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेत आठवडाभर रोज दहा तास अंथरुणात काढलेले लोक नंतरच्या तीन-तीन तासांच्या रात्री बऱ्या निभावून गेले. आई रात्री एकपर्यंत गप्पा मारत बसेल, तिला हे पत्र दाखव.

तुझा,
डॉक्टरकाका