शुद्धिक्रिया घरी, रोज आणि शिक्षकाविना कराव्यात का?

आपण विचारले आहे की, हठयोगातील षट्कर्मांपैकी, म्हणजे सहा शुद्धिक्रियांपैकी, कोणत्या क्रिया घरी एकट्याने करता येतील आणि त्या रोज कराव्यात का. जलनेती (मिठाच्या पाण्याने नाक धुणे) आणि कपालभाती (झटक्याने श्वास बाहेर टाकणे) या क्रिया एकदा नीट शिकून घेतल्या की घरी करता येतात. धौती (अन्ननलिका व जठर धुणे), बस्ती (गुदमार्गे पाणी घेऊन आतडे धुणे) आणि शंखप्रक्षालन (खारट पाणी पिऊन सारा अन्नमार्ग धुणे) यांच्या वाटेला मात्र एकट्याने जाऊ नये. प्रश्नाचा दुसरा भाग वाचून माझे जुने दुखणे वर आले, कारण ‘रोज’ या एका शब्दावरून माझे आणि माझ्या थोरल्या बंधूंचे बारा वर्षे वाजते आहे.

जलनेती मी त्यांच्याकडूनच शिकलो. पहिल्या दिवशी त्यांनी मीठ अंदाजाने टाकले आणि मी पात्राची तोटी उजव्या नाकपुडीला लावताच डोळ्यांच्या मागे अशी आग उठली की पात्र हातातून सुटले. बंधू म्हणाले, आत साठलेला मळ सुटतो आहे, म्हणून झोंबते. वास्तविक झोंबले ते मीठ कमी पडल्यामुळे. अर्धा लिटर पाण्यात सुमारे ४.५ ग्रॅम मीठ घातले की पाणी रक्तातील द्रवाइतके खारट होते आणि नाकाला जाणवतही नाही. त्यानंतर मी एक नाकपुडी दाबून दुसरीतून जोराने शिंकरलो, ते पाहूनही त्यांनी मला थांबवले नाही. दुपारी कार्यालयात खालचा खण उघडण्यासाठी वाकलो, तेव्हा नाकातून पाण्याची धार सही केलेल्या पत्रावर पडली आणि शाई पसरली. रात्री डावा कान ठणकू लागला. तो आठवडाभर ठणकत होता आणि डॉक्टरांनी सांगितले की, जोराने शिंकरल्यामुळे पाणी कानाच्या नळीत ढकलले गेले. बंधूंचा निकाल तयारच होता: मळ निघतो आहे, बंद करू नकोस.

या एका वाक्याचा मला मनस्वी राग आहे. त्रास झाला तर मळ निघतो आहे आणि बरे वाटले तर मळ निघून गेला, असे दोन्हीकडून खरे ठरणारे विधान तपासणार तरी कसे? शिवाय, हठयोगावरील ज्या हठप्रदीपिका ग्रंथाचे नाव ते उठता-बसता घेतात, त्याच्या दुसऱ्या उपदेशातील (अध्यायातील) २१ वा श्लोक स्पष्टच सांगतो की, ज्याच्या शरीरात मेद आणि कफ अधिक आहे त्याने प्राणायामापूर्वी षट्कर्मे करावीत आणि ज्याचे वात, पित्त, कफ हे दोष समस्थितीत आहेत त्याने ती करू नयेत. त्याच उपदेशात पुढे, सर्व मळ प्राणायामानेच नाहीसे होतात, वेगळ्या क्रियांची गरज नाही, असे काही आचार्यांचे मतही नोंदवले आहे. बंधू यावर घेरण्डसंहिता हा हठयोगाचा दुसरा ग्रंथ पुढे करतात आणि तेथे शुद्धीला योगाच्या सात साधनांत पहिले स्थान आहे, हे मला मान्यच करावे लागते. परंतु वस्त्रधौतीसाठी सांगितलेले चार बोटे रुंद आणि पंधरा हात लांब ओले वस्त्र गुरूने दाखवलेल्या मार्गानेच हळूहळू गिळावे, असेही हठप्रदीपिकेत आहे. सहाही क्रिया सर्वांनी रोज कराव्यात असे सांगणाऱ्या बंधूंनी आजवर त्यातले एक हातही गिळलेले नाही. (ते कपालभातीला प्राणायाम म्हणतात, हा आणखी एक वाद, ती षट्कर्मांपैकी एक आहे.)

मी स्वतः नाक चोंदले की नेती करतो, एरवी नाही. पाण्याबद्दल आधीच सांगायला हवे होते: ते उकळून कोमट केलेलेच असावे, कारण पिण्यास चालणाऱ्या नळाच्या पाण्यातही क्वचित असा अमीबा असतो, जो पोटात निरुपद्रवी आणि नाकावाटे मेंदूत गेल्यास प्राणघातक ठरतो. नेतीनंतर कमरेत वाकून, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून, हलक्या श्वासांनी पाणी काढावे. कान दुखत असेल किंवा नाकातून रक्त येत असेल तर नेती नको. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा गर्भावस्था असेल तर कपालभाती आणि नौली (पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया) नको. शंखप्रक्षालनात भरपूर खारट पाणी प्यावे लागते, त्यामुळे मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये.