वरच्या मजल्यावरचा एसी : दीड टन की दोन?

प्रश्न : दांडिया बाजारातलं आमचं घर सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. 120 चौरस फुटांच्या खोलीत दीड टनाचा जुना एसी मे महिन्यात पुरत नाही. दोन टनाचा घ्यावा का?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : टन वाढवू नका. ऊन स्लॅबमधून उतरतंय. आधी गच्चीवर चायना मोझॅक (पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर) किंवा पांढरा परावर्तक रंग करून घ्या. मग दीड टनाचा इन्व्हर्टर एसी (गरजेनुसार कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) पुरेल. मोठा एसी खोली पटकन गार करून मंदावतो, पावसाळ्यातला दमटपणा मात्र तसाच राहतो. घेताना वीजबचतीच्या लेबलवरच्या ताऱ्यांसोबत आयएसईईआर आकडा (जितका जास्त, तितकी वीज कमी) आणि लेबलचं वर्ष पाहा. ताऱ्यांचे निकष कडक होत गेलेत, म्हणून जुन्या लेबलचे तारे आजच्या तेवढ्याच ताऱ्यांच्या तोडीचे नसतात. बसवताना नळ्यांतली हवा व्हॅक्यूम पंपानेच काढायला लावा, एसीतला गॅस सोडून ती बाहेर ढकलून नव्हे. आत राहिलेली ओल कॉम्प्रेसरचा घात करते. बाहेरचं युनिट कोंदट जागी नको.