उसन्या रकमेसाठी संक्षिप्त दावा : दहा दिवसांत काय करावे?

प्रश्न : एप्रिल २०१९ मध्ये एका परिचितांकडून मी तीन लाख रुपये हातउसने घेतले. रक्कम बँकेतून आली, लिखापढी झाली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांच्याकडूनच दोन लाख घेऊन मागणी करताच परतफेडीची प्रॉमिसरी नोट सही करून दिली. जानेवारी २०२४ पासून यूपीआयने ८० हजार फेडले. जून २०२४ मध्ये ‘दादा, थोडं थांबा, सगळं फेडतो’ असा व्हॉट्सॲप संदेशही पाठवला. आता दोन्ही रकमांसाठी आदेश ३७ खालील दाव्याचे समन्स आले आहे. अटक होईल का?

उत्तर : कर्ज थकणे हा गुन्हा नसल्याने तेवढ्यावरून अटक होत नाही, आपण धनादेश दिला असून तो न वटता परत गेला असेल तर मात्र तो विषय वेगळा. खरी घाई दुसरीकडे आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ च्या संक्षिप्त दाव्यात न्यायालयाच्या परवानगीखेरीज बचाव करता येत नाही, आणि समन्स बजावल्यापासून दहा दिवसांत स्वतः अथवा वकिलामार्फत हजेरी नोंदवावी लागते. त्यानंतर वादी निकालासाठीचे समन्स बजावील, आणि तेथून पुन्हा दहा दिवसांत बचावाची परवानगी मागणारा अर्ज शपथपत्रासह द्यावा लागेल. नेहमीच्या दाव्यातील लेखी कैफियतीच्या तीस दिवसांच्या भरवशावर राहिलात तर हुकूमनामा, म्हणजे वसुलीचा न्यायालयीन निर्णय, होऊन जाईल.

शपथपत्रात दोन्ही कर्जे काटेकोरपणे वेगळी मांडा. तोंडी कर्ज, म्हणजे आपले २०१९ चे, आदेश ३७ मध्ये बसत नाही, हा पहिला मुद्दा. दुसरा मुदतीचा : उसन्या रकमेच्या वसुलीला कर्ज दिल्यापासून तीन वर्षे मिळतात. करोनाकाळातील १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा अवधी सर्वोच्च न्यायालयाने वगळलेला आहे. तो धरला तरी आपल्या पहिल्या कर्जाची मुदत, कर्जाच्या नेमक्या तारखेनुसार, मार्च २०२४ चा मध्य ते एप्रिलचा मध्य या दरम्यान संपते. जूनमधील संदेश त्यानंतरचा असल्याने त्याने मुदत वाढत नाही. तथापि मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी व सहीचे वचन हा नवा करार ठरतो आणि वादी त्या संदेशाला तसे रूप देऊ पाहील, म्हणून यापुढे त्यांना एक ओळही लिहू नका.

सर्वांत नाजूक जागा त्या ८० हजारांची आहे. मुदत संपण्यापूर्वी, म्हणजे जानेवारीत, दिलेली रक्कम पहिल्या कर्जापोटी होती असे दाखवून मुदत नव्याने सुरू झाल्याचा युक्तिवाद वादी करील. त्यासाठी भरणा केल्याची आपल्या हस्ताक्षरातील किंवा सहीची नोंद लागते, आणि यूपीआयच्या नोंदीने ती अट पुरी होते का यावर झगडता येईल. त्याहून महत्त्वाचे असे की पैसे देताना ते कोणत्या कर्जाचे हे सांगण्याचा अधिकार ऋणकोचा असतो. त्याने काहीच सांगितले नाही आणि परिस्थितीवरूनही ते कळत नसेल, तर धनको ती रक्कम मुदतबाह्य कर्जातही वळती करू शकतो. त्यामुळे प्रत्येक व्यवहाराखालची टिप्पणी आजच उघडून पाहा. ‘नोटेपैकी’ एवढा एक शब्द सापडला तरी तो आपल्यासाठी लाखमोलाचा आहे.

नोटेवरील सही नाकारू नका. खरी सही खोटी ठरवू पाहणाऱ्याच्या उरलेल्या बचावावरही न्यायालयाचा विश्वास राहत नाही. मात्र जितकी रक्कम देणे आहे असे आपण कबूल कराल तितकी न्यायालयात भरल्याखेरीज बचावाची परवानगी मिळत नाही, म्हणून व्याजासह हिशेब करून त्या पैशांची तजवीज ठेवा.

वादी इतरांनाही नियमित व्याजाने पैसे देत असतील आणि त्यांच्याकडे सावकारी परवाना नसेल, तर महाराष्ट्रातील २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार त्यांना हुकूमनामा मिळू शकत नाही. परंतु ओळखीपोटी एकदोनदा दिलेले उसने म्हणजे सावकारी नव्हे. पुरावा असेल तरच हा मुद्दा घ्या.

नोटेच्या रकमेपुरती लोकअदालतीत तडजोड होत असेल तर मी ती सुचवीन. ती न झाल्यास हप्त्यांची विनंती निकालापूर्वीच करा, कारण हुकूमनाम्यानंतर हप्ते बांधून घ्यायला वादीची संमती लागते.