मॅकबुक एअर आत्ता घेऊ की पुढच्या मॉडेलसाठी थांबू?

प्रश्न: माझ्या जुन्या लॅपटॉपचं बिजागर तुटलंय, रबरबँड लावून चालवतेय. ॲपलचा एम४ चिपवाला मॅकबुक एअर लॅपटॉप घ्यायचाय पण भाऊ म्हणतो थांब, नवीन येईल. काय करू?

उत्तर: अहो, रबरबँडवर किती दिवस काढणार! नवीन तर येतच राहणार, एम१ आला नोव्हेंबर २०२० मध्ये, एम२ जुलै २०२२, एम३ मार्च २०२४ आणि एम४ मार्च २०२५, म्हणजे कधी वीस महिने तर कधी बाराच, यात काय मुहूर्त काढायचा? हां, काम अडत नसेल आणि नवीन यायची पक्की बातमी असेल तर थांबा, कारण मग जुन्यावर दुकानदार बऱ्यापैकी सूट देतात. एक मात्र बघाच, सेकंडहँड किंवा जुना स्टॉक घेत असाल तर ८ जीबी रॅमवाला घेऊ नका. यात रॅम नंतर वाढवताच येत नाही, आणि ऑक्टोबर २०२४ पासून एअर किमान १६ जीबीचाच येतो. फॅन नसतो, त्यामुळे तासन्‌तास व्हिडिओ एडिटिंग केलंत तर तापून स्लो होणार. पण एक्सेल, झूम आणि वीस टॅब? आरामात. भावाला म्हणावं, तोवर तुझा दे.